सगळीच ‘उन्हाळी’ नसते

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो आणि घराघरांतून ‘उन्हाळी लागली’ अशी तक्रार ऐकू येते. उपायही ठरलेला: धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक. या समजुतीत तथ्य आहे. घाम जास्त आणि पाणी कमी झालं की लघवी गडद होते, जळजळते. पण साठीपुढच्या माणसाच्या बाबतीत एवढ्यावर थांबणं धोक्याचं आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि स्त्रियांच्या मूत्रमार्गाची जंतूंना रोखण्याची ताकद कमी होते. पुरुषांत प्रोस्टेट वाढल्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. मधुमेह त्यात भर घालतो. मग ई-कोलायसारखे आतड्यातले जंतू मूत्रमार्गात बस्तान मांडतात. ते मूत्रपिंडात किंवा रक्तात पोचले तर जिवावर बेततं, आणि उतारवयात ताप येऊन इशारा मिळेलच असं नाही.

मूत्रमार्गाचा हा संसर्ग टाळायला पुरेसं पाणी प्यायला हवं. ‘पाणी जास्त प्यायलं की रात्री सारखं उठावं लागतं, पडायची भीती वाटते,’ हा ज्येष्ठांचा आक्षेप खरा आहे. म्हणून पाणी तोडायचं नाही, त्याची वेळ बदलायची: दिवसभर थोडं थोडं, संध्याकाळनंतर बेताचं. इंग्लंडमधल्या चार वृद्धाश्रमांत दिवसातून सात वेळा ठरवून पेय देण्याची पद्धत सुरू केल्यावर हा संसर्ग लक्षणीय घटला, असं 2019 साली प्रसिद्ध झालं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं.

मग सगळ्याच ज्येष्ठांची लघवी तपासून औषध द्यावं का? नाही. म्हातारपणी कसलाही त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं नेहमीचं आहे. त्यावर प्रतिजैविकं दिली तर फायदा होत नाही, औषधांना न जुमानणारे जंतू मात्र तयार होतात. अचानक आलेल्या भ्रमाचा दोषही लगेच लघवीवर ढकलू नये. पाण्याची कमतरता, रक्तातली साखर कमी-जास्त होणं, न्यूमोनिया, नवं औषध हीही कारणं असतात. पण जळजळ, वारंवार लागणारी घाईची लघवी, ओटीपोटात किंवा कुशीत दुखणं, लघवीत रक्त, थंडी वाजून येणं यांपैकी काही नव्याने दिसलं, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. डॉक्टरांना दाखवा, त्यांनी सांगितल्यास गोळी सुरू करण्याआधीच लघवी कल्चरला द्या. माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि घरातल्या आजी-आजोबांना लघवीच्या त्रासाबद्दल स्वतःहून विचारा. संकोचापायी ते आपणहून सांगत नाहीत.