ई-कचरा : सोने आणि विष

जयपूरचा जोहरी बाजार सोन्या-रत्नांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. सराफपेठेत सोन्याचा कणही वाया जात नाही. सोनाराच्या दुकानातील केर व राख धुऊन त्यातून सोने वेगळे करणाऱ्यास मराठीत ‘झारेकरी’ म्हणतात. नादुरुस्त संगणक, मोबाइल व दूरदर्शन संच यांच्या सर्किट बोर्डांतही सोने, चांदी आणि तांबे असते. मात्र अशा उपकरणांत शिसे, पारा, कॅडमियम यांसारखे विषारी घटकही असतात. म्हणून टाकाऊ विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांना, म्हणजेच ई-कचऱ्याला, साधे भंगार मानता येत नाही.

तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्यास त्यांच्या प्लॅस्टिकच्या आवरणातून विषारी धूर निघतो. सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवल्यास उरलेले आम्ल माती व भूजल दूषित करते. याचा पहिला आघात ते काम करणाऱ्या मजुरावर व त्याच्या कुटुंबावर होतो. शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधा येते.

ही हानी टाळण्यासाठी भारतात ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली आणि १ एप्रिल २०२३ पासून ‘ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२’ अमलात आले. वस्तू विकली म्हणून उत्पादकाची जबाबदारी संपत नाही, हे त्यांचे मुख्य तत्त्व आहे. ठरवून दिलेल्या प्रमाणात ई-कचऱ्याचे पुनर्चक्रण झाल्याची प्रमाणपत्रे त्याला नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांकडून घ्यावी लागतात. २०२५-२६ या वर्षासाठी हे प्रमाण ७० टक्के ठरवण्यात आले. ही नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे होते. राज्यातील देखरेखीचे काम जयपूर येथे मुख्यालय असलेल्या राजस्थान राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे.

या नियमांत श्रमिकांचाही विचार केलेला आहे. ई-कचरा सुटा करणाऱ्या कामगारांची नोंदणी, त्यांचे कौशल्य-प्रशिक्षण आणि आरोग्याची काळजी ही राज्य शासनाची कर्तव्ये आहेत. दारोदार फिरून जुन्या वस्तू गोळा करणाऱ्या भंगारवाल्याच्या श्रमात दोष नाही. धोका सुरू होतो तो जाळण्यापासून व आम्लापासून. वस्तू न फोडता नोंदणीकृत केंद्रापर्यंत पोहोचली, तर त्याची मजुरी सुटत नाही आणि आरोग्यही सुरक्षित राहते.

नागरिकांनीही जुनी उपकरणे ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता उत्पादकाच्या संकलन केंद्रात द्यावीत आणि बॅटरी कधीही फोडू अथवा जाळू नये.