विश्लेषण : सरपणासाठी पहिली चेन सॉ घेताना काय पाहावे?

तूर घरात आली, पऱ्हाटी उपटून झाली, ज्वारी-हरभरा निघाला की मंठा तालुक्यातले रान मोकळे होते. पाडव्यापासून मृगापर्यंतच्या या दिवसांत बांधावरची वाळलेली बाभूळ, वादळात मोडलेला लिंब आणि पडीक तुकड्यात माजलेली वेडी बाभूळ यांचा निकाल लावायचा असतो. घरात गॅस असला तरी न्हाणीचे पाणी, चुलीवरची भाकरी आणि लग्नकार्याचा स्वयंपाक बऱ्याच घरी अजून सरपणावरच होतो. पूर्वी हे काम कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या करवतीने होई. आता चेन सॉ, म्हणजे गावाकडच्या बोलीत ‘कटर’, मोबाइलवरूनही मागवता येते. पहिल्यांदा घेणारा बहुधा दोनच गोष्टी पाहतो : सीसी आणि किंमत. यंत्र किती वर्षे चालेल आणि चालवणाऱ्याचे हातपाय शाबूत राहतील का, हे मात्र इतर गोष्टींवर ठरते.

मुळात विकत घ्यावी का?

वर्षातून एखाद-दुसरे झाड कापायचे असेल तर नको. गावोगाव कटर घेऊन फिरणारे कारागीर असतात. त्यांना रोजावर किंवा झाडावर ठरवून बोलावणे स्वस्त पडते. वर्षातले अकरा महिने कोपऱ्यात पडलेले पेट्रोल यंत्र चालून झिजण्यापेक्षा पडून जास्त बिघडते. दरवर्षी गाडीभर सरपण लागत असेल, बांध मोठे असतील किंवा चार भावकीतले मिळून घेणार असतील तर खरेदीला अर्थ आहे. मात्र सामाईक यंत्राची कानस आणि तेल कोणाच्या जबाबदारीवर, हे आधीच ठरवावे.

किती सीसी, किती लांबीची पट्टी?

साखळी ज्या पट्टीवरून फिरते तिची लांबी लाकडाच्या जाडीवरून ठरवावी. बांधावरच्या बाभळी-लिंबाचे खोड बहुतेक वेळा फूट-दीड फुटाचे असते. त्याला 16 ते 18 इंची पट्टी आणि 35 ते 45 सीसीचे इंजिन पुरते. त्याहून जाड खोड दोन्ही बाजूंनी कापता येते. छोट्या इंजिनाला 22 इंची पट्टी लावली की साखळीचा वेग पडतो, वजन पुढे झुकते आणि टोक नको तिथे लागते. 45 सीसीच्या यंत्राचे वजन पट्टी व इंधन सोडून साधारण पाच किलो भरते. दुकानात ते हातात धरून पाच मिनिटे उभे राहावे. दुपारच्या उन्हात तेच दुप्पट वाटते. नुसत्या सीसीवर जाऊ नये. इंजिनाची ताकद किती किलोवॉट, हे विचारावे.

पेट्रोल, वीज की बॅटरी?

खोडे घरी आणून वाड्यात ढलप्या पाडायच्या असतील तर विजेवरचे यंत्र उत्तम : किंमत कमी, देखभाल कमी, दोरी ओढायची कटकट नाही. पण शेतात वायर पोहोचत नाही आणि शेतीच्या विजेच्या पाळ्या ठरलेल्या असतात. बॅटरीवरचे चार-सहा इंची छोटे कटर मोसंबीची सल काढायला, फाटे छाटायला ठीक. खोड पाडायला नाही. मोठी बॅटरी यंत्रे चांगली आहेत, पण दिवसभराच्या कामाला जास्तीच्या बॅटऱ्या लागतात आणि खर्च वाढतो. घरापासून लांब, जाड लाकडासाठी अजून पेट्रोलच सोयीचे.

स्वस्त आणि महाग यंत्रात फरक कोणता?

ऑनलाइन सहा-सात हजारांतही यंत्र मिळते आणि नामांकित कंपनीचे त्याच्या काही पट महाग असते. फरक रंगाचा नाही. चार गोष्टी स्वतः तपासाव्यात. पुढचा दांडा ढकलताच साखळी जागीच थांबवणारा ब्रेक आहे का? साखळी तुटली तर ती अडवणारा आकडा खाली आहे का? मागची कळ दाबल्याशिवाय अ‍ॅक्सिलरेटर दबत नाही ना? हादरे हातात येऊ नयेत म्हणून स्प्रिंग किंवा रबर बसवले आहेत का? पाचवा प्रश्न दुकानदाराला : साखळी, प्लग, एअर फिल्टर आणि दोरी मंठ्यात नाही तर निदान परतूर-जालन्यात मिळते का? ज्या यंत्राचा सुटा भाग मिळत नाही ते एका हंगामाचे.

साखळीला इतके महत्त्व का?

लाकूड इंजिन कापत नाही, दात कापतात. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये विजेवर चालणारे साखळीचे यंत्र बनवले. पण आजच्या साखळीचा दात आला 1940च्या दशकात. अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहिले आणि डावीकडे-उजवीकडे आलटून-पालटून सोलणारे दात बनवले. असा दात धारदार असेल तर छोटे यंत्रही वाळल्या बाभळीत उतरते. बोथट असेल तर मोठे यंत्रही नुसता धूर काढते.

ओळखायची खूण सोपी : लाकडाचे जाडसर तुकडे उडाले तर धार आहे, पिठासारखा भुसा पडला किंवा यंत्र दाबावे लागले तर धार गेली. साखळी फिरताना काळ्या मातीला टेकली की क्षणात बोथट होते, म्हणून खोडाखाली ओंडका सरकवूनच कापावे. बांधावरच्या जुन्या झाडात कुंपणाची तार किंवा खिळा गिळलेला असतो, तोही आधी शोधावा. खरेदीसोबत गोल कानस घ्यावीच. ती साखळीच्या मापाची हवी : 4, 4.8 किंवा 5.2 मिलिमीटर. माप पुस्तिकेत असते.

इंधनात चूक कुठे होते?

हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. पेट्रोलमध्ये तेल मिसळले नाही तर पिस्टन जाम होतो आणि दुरुस्ती यंत्राच्या किमतीला भिडते. चांगल्या टू-टी तेलाचे प्रमाण बहुतेक यंत्रांना 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली; काहींना 25 ला 1, म्हणजे 40 मिली. पुस्तिका सांगते तेच खरे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, म्हणून आपल्या यंत्राला ते चालते का हे घेतानाच विचारावे, मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत यंत्र चालवावे. साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते. पेट्रोल भरताना दरवेळी तीही भरावी; ट्रॅक्टरचे जळके ऑइल तिच्यात ओतू नये.

पडीक जमीन यानेच साफ होईल का?

इथेच अनेकांचा अंदाज चुकतो. वेडी बाभूळ जमिनीबरोबर कापली की पहिल्या पावसानंतर त्याच बुंध्यातून अनेक फुटवे येतात आणि रान आधीपेक्षा दाट होते. ती मुळासकट काढावी लागते : खोदून, नाहीतर जेसीबीने. चेन सॉ फक्त वरचे लाकूड तोडून सरपण करण्यासाठी. काटेरी झुडपात थेट घालूही नये; बारीक फाटे साखळीत अडकून अंगावर येतात. ते कोयत्याचे, कुऱ्हाडीचे काम.

जिवाला धोका कशाचा?

सर्वात मोठा धोका ‘किकबॅक’चा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र डोळ्याची पापणी लवायच्या आत उसळून तोंडाकडे येते. म्हणून टोकाने कापू नये, दोन्ही हातांनी अंगठा गुंडाळून धरावे, खांद्याच्या वर उचलू नये, शिडीवर चढून चालवू नये. वादळात वाकून अडकलेले खोड ताणलेल्या धनुष्यासारखे असते; ते आणि महावितरणच्या तारेजवळचे झाड नवख्याने सोडावेच. झाड पाडताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात माणूस, गुरे नकोत.

हेल्मेट, डोळ्यांना जाळी, कानाला बोळे आणि बूट यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. साखळी लागताच धागे सुटून ती अडवणारी खास पँट मिळते. पायाच्या मानाने ती महाग नाही. धोतर, लुंगी, गळ्यातला गमजा या कामात घातक.

स्वतःच्या शेतातले झाड तोडायला परवानगी?

काही झाडांना लागते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, चंदन अशी झाडे आहेत. ती सातबारा आपल्या नावावर असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लाकूड गाडीत भरून बाहेर न्यायचे तर वाहतुकीचे नियम वेगळे. रस्त्याकडेचे झाड सरकारी, सामाईक बांधावरचे शेजाऱ्याचेही. मंठा शहरात असाल तर आधी नगरपंचायतीत, गावात असाल तर तहसील किंवा वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावे.

मग पैसे कसे मांडावेत?

हातातली सगळी रक्कम मोठ्या इंजिनात घालू नये. ब्रेक असलेले मध्यम यंत्र, जास्तीची एक साखळी, कानस आणि अंगावरची साधने अशी वाटणी करावी. पहिला दिवस आडव्या पडलेल्या वाळक्या खोडावर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली काढावा. उभ्या झाडाला हात त्यानंतर. सरपण मृगाच्या आत छपराखाली गेले नाही तर फार तर ते भिजते. घाईत पाय गेला तर पुढचा खरीप कोण पेरणार?