कुणीच न फोडलेलं गुपित

नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्ट्राव्हा’ या कंपनीनं जगाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. काळ्याभोर पृथ्वीवर झगझगीत रेषा. माणसं ज्या वाटांनी धावली, चालली, सायकलवरून गेली, त्या वाटा तेवढ्या उजळलेल्या. एक अब्ज फेऱ्या, ठिकाणांच्या तीन लाख कोटी नोंदी आणि एकूण अंतर २,७०० कोटी किलोमीटर! सूर्यापर्यंत नव्वद वेळा जाऊन परत येण्याइतकं.

स्ट्राव्हा हे व्यायाम करणाऱ्यांचं समाजमाध्यम. सकाळी धावून आलं की मनगटावरचं घड्याळ आपली वाट ॲपवर चढवतं आणि मित्र शाबासकी देतात. पण घड्याळाला वाट कळते कशी? सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह अखंड वेळ सांगत असतात. चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा पोचले, त्यावरून घड्याळ आपली जागा काढतं. त्या उपग्रहांमधली अणुघड्याळं आपल्यापेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, कारण वेग आणि गुरुत्वाकर्षण यांचा काळावर परिणाम होतो. आइनस्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे ही दुरुस्ती आधीच केलेली नसती, तर एका दिवसात दहा किलोमीटरची चूक झाली असती. आणि एवढ्या अचाट यंत्रणेकडून आपण काय सांगून घेतो? ‘आज पाच किलोमीटर धावलो’!

जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूझर हा २० वर्षांचा ऑस्ट्रेलियन विद्यार्थी हा नकाशा पाहत होता. जगातले श्रीमंत गोरे कुठे आहेत ते यात दिसतं, असं त्याचे वडील सहज म्हणाले. मुलाच्या मनात आलं, मग अमेरिकी सैनिकही दिसतील का? त्यानं सीरियाचा भाग मोठा करून पाहिला. वाळवंटाच्या काळोखात लखलखीत आकृत्या! लष्करी तळांवर सैनिक व्यायामासाठी फेऱ्या मारत होते आणि त्या फेऱ्यांनीच तळांचे रस्ते आणि हद्दी आखून दिल्या होत्या. अफगाणिस्तानातही तेच.

आता गंमत पाहा. लंडनच्या बागांमध्ये हजारो लोक धावतात, तळावर मोजकेच. तरी या रेषा एवढ्या ठळक कशा? साऱ्या जगाला एकच मोजपट्टी लावली असती, तर मोठी शहरं सोडून सगळा नकाशा काळा राहिला असता. म्हणून अभियंत्यांनी प्रत्येक भागाची चकाकी आसपासच्या भागाच्या तुलनेत ठरवली. अमावास्येला माळरानावर टांगलेला एकच कंदील कोसावरून दिसावा, तसं झालं. जो निर्जनपणा तळांचं रक्षण करायचा, त्यानंच त्यांना उघडं पाडलं.

मग गुपित फोडलं कुणी? मला सर्वांत थक्क करतं ते हेच. नकाशात एकाही माणसाचं नाव नव्हतं. तो बनायला तळाचा एकही फोटो लागला नाही, कुणाचा एक शब्दही लागला नाही. व्यायामाला तर वरिष्ठांचंच उत्तेजन होतं. लठ्ठपणा कमी व्हावा म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं, म्हणजे पेंटागॉननं, २०१३ मध्ये व्यायाम मोजणारी २,५०० फिटबिट यंत्रं वाटली होती! गुपित एकेका नोंदीत शोधून सापडलं नसतं, ते नोंदींच्या बेरजेत होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पेंटागॉननं मोहिमेच्या भागात ठिकाण सांगणाऱ्या सुविधा वापरायला बंदी घातली.

कर्मचाऱ्यांसाठीचे समाजमाध्यमांचे नियम सहसा शब्दांवर आणि चित्रांवर नजर ठेवतात. महाराष्ट्र शासनानं जुलै २०२५ मध्ये काढलेला शासन निर्णय पाहा: वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका नको, वैयक्तिक रीलमध्ये गणवेश, सरकारी वाहन, इमारत नको. पण गणवेश उतरवून, ड्युटी संपल्यावर धावायला गेलेल्या माणसाचं काय?

हाच प्रश्न ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ल मोंद’ या फ्रेंच दैनिकानं ऐरणीवर आणला. काही देशांच्या राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांच्या धावण्याच्या नोंदी स्ट्राव्हावर उघड्या होत्या. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचं रक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसनं उत्तर दिलं, की कामावर असताना वैयक्तिक उपकरणं वापरता येत नाहीत, पण कामाबाहेरच्या खासगी समाजमाध्यमांवर बंदी नाही. मला ही भूमिका न्याय्य वाटते. माणूस चोवीस तास नोकर नसतो. अडचण एवढीच, की दौऱ्यावर गेलेल्या अंगरक्षकाचं जॉगिंग हॉटेलच्या दारातून सुरू होतं, आणि त्या हॉटेलात कोण उतरणार हे ओळखायला गुप्तहेर लागत नाही.

जानेवारी २०२५ मधली कथा त्याहून विलक्षण. ब्रेस्टजवळच्या ईल लाँग तळावर फ्रान्सच्या चार अण्वस्त्रधारी पाणबुड्या असतात. १९७२ पासून त्यांच्या ताफ्यातली किमान एक सतत समुद्रात असते. कुठली कधी निघाली, हे कडेकोट गुपित. तळावरचे काही नौसैनिक धावण्याच्या नोंदी करायचे. मग त्या अचानक थांबायच्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुरू व्हायच्या. मधल्या काळात ते कुठे होते, सांगायला हवं? पाण्याखाली खोलवर उपग्रहांचे संदेश पोचतच नाहीत. म्हणजे काहीही न टाकूनसुद्धा बातमी गेली!

कर्तव्यदक्ष माणूस म्हणेल, मग संवेदनशील भाग झाकून टाकू. तशी सोय होती: घराभोवती एक वर्तुळ, त्यातली वाट कुणाला दिसणार नाही. २०१८ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी तेही तपासलं. झाकलेली प्रत्येक वाट वर्तुळाच्या कडेवर तुटते. तुटण्याचे असे तीन बिंदू मिळाले, की शाळेतल्या भूमितीनं अख्खं वर्तुळ काढता येतं आणि घर बरोबर केंद्रावर! त्यांच्या पद्धतीनं झाकलेली ९५ टक्क्यांपर्यंत ठिकाणं सापडली. उपायांमध्ये त्यांनी एक साधी युक्तीही सुचवली. वर्तुळाचं केंद्र घरावर ठेवूच नये, यंत्राला ते मनाला येईल तसं बाजूला सरकवू द्यावं.