परीक्षेचे वेळापत्रक आणि फ्लूचे वेळापत्रक

रायपूर ही छत्तीसगढची राजधानी आहे, तसेच बस्तरपासून सरगुजापर्यंतच्या विद्यार्थ्यांचे ते शिक्षणकेंद्रही आहे. शिकवणी वर्ग, वसतिगृहे आणि अभ्यासिका यांमुळे येथे हजारो मुले एकमेकांच्या अगदी जवळ राहून अभ्यास करतात. छत्तीसगढ माध्यमिक शिक्षा मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षा साधारणतः फेब्रुवारीअखेर ते मार्च या काळात होतात आणि इन्फ्लुएन्झा म्हणजेच फ्लूही भारतात वर्षातून ज्या दोन वेळा उसळतो, त्यांपैकी एक वेळ जानेवारी ते मार्च हीच असते, तर दुसरी पावसाळा सरताना येते. २०१५ च्या आरंभी एच१एन१ या प्रकाराने देशभर मोठी साथ पसरवली होती आणि २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ या प्रकाराचे रुग्ण वाढले, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला त्याविषयी निवेदन काढावे लागले होते. परीक्षा आणि साथ एकाच सुमारास येतात हा योगायोग टाळता येणारा नाही. मात्र विषाणूच्या वाढीचे दिवस ठाऊक असतील, तर परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजत कोणती काळजी केव्हा घ्यावी हे ठरवता येते.

फ्लूचा विषाणू खोकला, शिंक किंवा बोलणे यांतून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांवाटे पसरतो, तसेच दूषित हात नाकाला, डोळ्यांना किंवा तोंडाला लागल्यानेही शरीरात शिरतो. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, ज्याला अधिशयन काळ म्हणतात, तो १ ते ४ दिवसांचा असतो. रुग्ण मात्र लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच इतरांना संसर्ग देऊ लागतो आणि पुढे ५ ते ७ दिवस देत राहतो. वर्गात धडधाकट दिसणारे मूलही विषाणू पसरवत असू शकते, म्हणून केवळ खोकणाऱ्यापासून दूर बसणे पुरेसे ठरत नाही.

मागे मोजण्याची पहिली पायरी लसीची आहे. फ्लूचा विषाणू आपले बाह्यरूप सतत बदलत असल्याने लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते आणि ती टोचल्यानंतर पुरेशी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला ओळखून निष्प्रभ करणारी प्रथिने, तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे प्रवेशपत्र हाती आल्यावर लसीचा विचार करणे उशिराचे ठरते; नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच डॉक्टरांचा सल्ला घेणे, विशेषतः दमा किंवा मधुमेह असलेल्या मुलांसाठी आणि घरातील वृद्धांसाठी, अधिक हिताचे असते. लस संसर्ग पूर्णपणे टाळेलच असे नाही, परंतु आजाराची तीव्रता कमी करते.

दुसरी पायरी झोपेची आणि मनःस्वास्थ्याची आहे. परीक्षेच्या ताणाचा शरीरावर होणारा परिणाम प्रत्यक्ष मोजला गेला आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर एकसारखी छोटी जखम केली होती. परीक्षेच्या तोंडावर झालेली जखम भरण्यास सुट्टीतील जखमेपेक्षा सरासरी ४० टक्के अधिक वेळ लागला. २०१५ मधील दुसऱ्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात साध्या सर्दीचा विषाणू सोडला असता, सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीपेक्षा जास्त आढळली. हा विषाणू फ्लूचा नव्हता, तरी अपुऱ्या झोपेने प्रतिकारशक्ती दुबळी होते हे त्यातून दिसते. १३ ते १८ वयोगटाला ८ ते १० तासांची झोप आवश्यक मानली जाते, त्यामुळे रात्रभर जागून वाचलेली पाने आजारपणात गमावलेल्या दिवसांची भरपाई करू शकत नाहीत. हळदीचे दूध किंवा काढा घशाला आराम देतो, परंतु लसीची अथवा झोपेची जागा घेऊ शकत नाही.

तिसरी पायरी हवेची आहे. बंद, वातानुकूलित खोलीत तीच हवा फिरत राहते आणि विषाणूयुक्त थेंब तेथे अधिक काळ टिकतात. खिडक्या उघड्या असतील, तर त्यांचे प्रमाण झपाट्याने घटते. रायपुरात २०१८ मध्ये सुरू झालेल्या नालंदा परिसर या चोवीस तास खुल्या ग्रंथालयात झाडांच्या सान्निध्यात उघड्यावर वाचण्याचीही सोय आहे आणि संसर्गाच्या दृष्टीनेही ही रचना उपकारक आहे. खासगी अभ्यासिकांना एवढी जागा नसली, तरी दर तासाला दारे-खिडक्या उघडणे, दोन आसनांत अंतर ठेवणे आणि हात धुण्यासाठी साबण पुरवणे त्यांना सहज शक्य आहे.

एवढे करूनही ताप आलाच, तर केंद्र शासनाने ठरवलेले तीन वर्ग मार्गदर्शक ठरतात. सौम्य ताप, खोकला आणि घसादुखी असलेल्या ‘अ’ वर्गातील रुग्णाने घरीच विश्रांती घ्यावी, त्याला चाचणीची गरज नसते. तीव्र ताप आणि घशाचा जास्त त्रास असलेल्या ‘ब’ वर्गात डॉक्टर ओसेल्टामिव्हिर हे विषाणुरोधक औषध देऊ शकतात, जे पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते. धाप, छातीत दुखणे, गुंगी किंवा नखे निळसर पडणे ही ‘क’ वर्गाची लक्षणे दिसताच रुग्णाला एम्स किंवा आंबेडकर रुग्णालयासारख्या ठिकाणी विनाविलंब न्यावे लागते. प्रतिजैविके जिवाणूंवर काम करतात, विषाणूंवर नाही. शिवाय फ्लूच्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन दिल्यास यकृत आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम हा दुर्मीळ, पण गंभीर विकार होऊ शकतो, म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या घेणे टाळावे.

मार्च सरताना फ्लू ओसरतो, पण रायपूरच्या उन्हाळ्यात उष्माघाताचा आणि दूषित पाण्याचा धोका डोके वर काढतो. २०१८ आणि २०२० च्या उन्हाळ्यात शहराने काविळीची साथ अनुभवली आहे, त्यामुळे परीक्षा आणि प्रवेशपरीक्षांच्या दिवसांत उकळून गार केलेले पाणी सोबत ठेवणे श्रेयस्कर ठरते.

यांपैकी बरीचशी काळजी एकट्या विद्यार्थ्याच्या हाती नसते. राज्य मंडळाने २०२४ पासून दुसऱ्या मुख्य परीक्षेची सोय केल्यामुळे आजारपणात एखादी परीक्षा हुकली, तरी वर्ष वाया जाण्याची भीती कमी झाली आहे. शिकवणी वर्गांनी हजेरीची सक्ती शिथिल केली, वसतिगृहांनी ताप आलेल्या मुलासाठी वेगळी खोली राखली आणि औषधाविना २४ तास ताप न आल्यावरच मुलाला वर्गात पाठवायचे असे पालकांनी ठरवले, तर एका मुलाची विश्रांती त्याच्या सोबत्यांचीही परीक्षा वाचवते.