हस्तकौशल्यांची देवाणघेवाण मोबाइलवर: हिशेब तासांचा, कसोटी विश्वासाची

विणकाम, भरतकाम, कागदकाम किंवा लाकूडकाम यांसारखे छंद जोपासणाऱ्या व्यक्तींना परस्परांकडून कौशल्ये शिकता यावीत, यासाठी मोबाइल अ‍ॅप तयार करणे तांत्रिकदृष्ट्या आता फारसे कठीण राहिलेले नाही. मात्र कोणी, कोणाला आणि कशाच्या मोबदल्यात शिकवावे, याचा विचार आराखडा आखतानाच न झाल्यास असे अ‍ॅप वापराविना पडून राहण्याची शक्यता असते.

पहिला प्रश्न मोबदल्याचा आहे. समजा, बडोद्यातील एका गृहिणीला क्रोशाकाम येते आणि तिला वारली चित्रशैली शिकायची आहे. ती शैली जाणणाऱ्या पुण्यातील व्यक्तीला मात्र क्रोशात रस नाही. तिला लाकूडकाम शिकायचे आहे. अशा स्थितीत थेट अदलाबदल होऊ शकत नाही. यावरील उपाय म्हणजे तासांचा हिशेब. जपानमधील ओसाका येथे तेरुको मिझुशिमा यांनी १९७३ मध्ये श्रमाच्या तासांची अशी पेढी सुरू केली. अमेरिकेत एडगर कान यांनी १९८० च्या दशकात याच धर्तीवर ‘टाइम डॉलर’ची कल्पना मांडली. एक तास दिल्यास एक तास खात्यात जमा होतो आणि तो अन्य कोणाकडूनही शिकण्यासाठी वापरता येतो.

या पद्धतीत नवशिक्याची अडचण होते, कारण शिकवण्याजोगे त्याच्यापाशी काही नसते. त्यामुळे प्रत्येक नव्या सदस्याच्या खात्यात आरंभीच काही तास जमा करणे इष्ट ठरते. तसेच, ज्यांची उपजीविकाच कलेवर अवलंबून आहे, अशा कारागिरांसाठी सशुल्क वर्गांची स्वतंत्र सोय असावी. अन्यथा छंदाच्या नावाखाली त्यांचे श्रम विनामूल्य मागितले जाण्याचा धोका संभवतो.

दुसरा प्रश्न शिकवण्याच्या रीतीचा आहे. ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’ म्हणून ओळखला जाणारा टाका अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ म्हणून ओळखला जातो. म्हणूनच प्रत्येक नावासोबत टाक्याचे चित्र असणे आवश्यक ठरते. शिकणाऱ्याचे दोन्ही हात सुईदोऱ्यात गुंतलेले असल्याने चित्रफीत थांबवण्याचे बटण मोठे असावे आणि तोंडी सूचनेनेही ती थांबवता यावी. डावखुऱ्यांसाठी उलट प्रतिमेची सोयही उपयुक्त ठरते.

विणकाम करणाऱ्यांसाठी अमेरिकेत २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘रॅव्हेलरी’ या संकेतस्थळाचे रूप २०२० मध्ये बदलण्यात आले. त्यानंतर नव्या मांडणीमुळे डोकेदुखी होते, डोळ्यांवर ताण येतो, अशा तक्रारी अनेक सदस्यांनी केल्या. वयस्क आणि दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींकडून आधीच चाचणी करून घेणे किती गरजेचे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. सदस्याचा दूरध्वनी क्रमांक आणि घरचा पत्ता आपोआप उघड होऊ नये, पहिली भेट दृश्य संवादाद्वारे व्हावी आणि तक्रार नोंदवण्याची सोय सहज सापडावी. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. मुलांना प्रवेश देणाऱ्या अ‍ॅपला ही व्यवस्था करावी लागेल.

घराघरांत, विशेषतः ज्येष्ठ स्त्रियांपाशी, अशी अनेक कौशल्ये आहेत, ज्यांची कधी मोजदाद झाली नाही. तासांचा हिशेब चोख आणि वापर निर्धोक असल्यास ही कौशल्ये पुढील पिढीपर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग खुला होऊ शकेल.