मोची मऊ राहते, मग मोदक का कडक होतो?

(ऑडिओ भागाचं हे लिखित रूप आहे. बोलताना अडखळलेले शब्द काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा भाग खाण्यावर आहे, पण हा रिव्ह्यू नाही. कुठल्या दुकानाला किती स्टार द्यायचे हे सांगणारी रील्स तुमच्या फोनमध्ये ढिगाने आहेत. आज आपल्याला एक प्रश्न सोडवायचाय. तो पाठवलाय नागावच्या एका ताईने, व्हॉइस नोटमध्ये.

ती म्हणते, "दादा, आमचा छोटा होमस्टे आहे. शनिवार-रविवारी मुंबईची मुलं येतात आणि जेवण झालं की विचारतात, मोची आहे का? आमची आई उकडीचे मोदक एक नंबर करते. म्हटलं तांदळाचंच तर पीठ आहे. तीच उकड घेतली, आत आइस्क्रीम भरलं, फ्रीजरमध्ये ठेवलं. सकाळी बघते तर सगळ्यांना तडे. चावायला गेले तर दगड. आईची उकड बिघडली का?"

ताई, आधी उत्तर ऐक: आईची उकड अजिबात बिघडलेली नाही. तांदूळ वेगळा आहे. आता हे नीट समजून घेऊ, कारण यात फक्त एका होमस्टेचा प्रश्न नाही. आपण शहरात जाऊन ज्या गोष्टीचे दणकून पैसे देतो, ती नेमकी काय आहे हेही यातून कळतं.

आधी दुकानात जाऊ

मांडव्याहून बोट पकडा, गेटवेला उतरा, चर्चगेटवरून लोकलने वांद्रे. रस्त्याने गेलात तर अटल सेतू. गंमत बघा, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या पुलासाठी मोठं कर्ज दिलंय जपानच्या जायका या संस्थेने. म्हणजे रायगडात जपान मोचीच्या आधी पुलावरून आलाय.

वांद्र्यात रिक्षा, स्कूटर, कपड्यांचे स्टॉल आणि सेल्फी काढणारी पोरं यांच्यातून वाट काढत तुम्ही एका छोट्या काचेच्या दुकानात शिरता. आत फिकट लाकूड, कागदी कंदील, एसी. काउंटरमागे फ्रीजर आणि त्यात लिंबाएवढे गोळे: गुलाबी, हिरवे, पांढरे. एका गोळ्याच्या किमतीत अलिबाग स्टँडजवळ दोघांचा वडापाव आणि चहा आरामात होतो.

दुकानावर लिहिलेलं असतं 'जपानी पद्धतीचं'. हा 'पद्धतीचं' शब्द महत्त्वाचा आहे. मोची म्हणजे चिकट तांदूळ वाफवून, उखळीत कुटून केलेला गोळा, आणि तो जपानमध्ये शेकडो वर्षं जुना आहे. मोचीच्या पातळ पारीत गोड सारण भरलं की त्याला दाइफुकू म्हणतात. पण पारीत आइस्क्रीम भरायची कल्पना अगदी अलीकडची. जपानमध्ये लोट्टे कंपनीने १९८१ साली 'युकिमी दाइफुकू' आणलं. अमेरिकेत ती लोकप्रिय केली लॉस एंजेलिसच्या मिकावाया या जुन्या मिठाईवाल्या कंपनीने, १९९० च्या दशकात. ती कंपनी तेव्हा फ्रान्सिस हाशिमोटो चालवत होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांमध्ये डांबलं होतं. अशाच एका छावणीत १९४३ साली त्यांचा जन्म झाला. म्हणजे वांद्र्यात आपण जे खातो ते टोकियोइतकंच लॉस एंजेलिसचंही आहे. त्यामुळे 'हे ऑथेंटिक आहे का' असं विचारत बसण्यापेक्षा 'हे कशाचं केलंय' असं विचारणं जास्त कामाचं.

काड्यापेटी आणि करवंदीची जाळी

आता मुख्य मुद्दा. तांदळात सगळ्यात जास्त असतो स्टार्च. हा स्टार्च दोन प्रकारच्या रेणूंचा बनतो. एकाचं नाव अमायलोज, दुसऱ्याचं अमायलोपेक्टिन. नावं विसरलात तरी चालेल, आकार लक्षात ठेवा. अमायलोज म्हणजे सरळ लांब साखळी, काड्यापेटीतल्या काडीसारखी. अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्याच फांद्या, करवंदीच्या जाळीसारखी. कोडिंग करणाऱ्यांसाठी सांगायचं तर एक लिंक्ड लिस्ट, दुसरा ट्री.

पीठ गरम पाण्यात शिजलं की दोन्ही फुगतात, मोकळे होतात, पाणी धरून ठेवतात. म्हणून ताजी उकड मऊसूत लागते. पण थंड होताना काय होतं? सरळ काड्या लगेच एकमेकींना चिकटून नीट रचल्या जातात. रचना घट्ट झाली की मधलं पाणी बाहेर ढकललं जातं. पदार्थ कडक आणि ठिसूळ होतो. करवंदीच्या जाळ्या मात्र एकमेकींवर अशा नीट बसत नाहीत. त्याही हळूहळू आवळतात, पण त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो.

आपला रोजचा तांदूळ घ्या. पेण-अलिबागच्या खारपाटीत पिकणारा असो किंवा कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या 'कर्जत' वाणांतला असो, त्यात अमायलोज चांगलंच असतं. मोचीचा तांदूळ जपानीत 'मोचीगोमे'. त्यात अमायलोज जवळजवळ नसतंच. एका जनुकात बदल झाल्यामुळे दाण्यात सरळ साखळी बनतच नाही, उरते फक्त जाळी. तांदूळ तोच, फक्त एक घटक गायब. मोचीचं सगळं ताणणं, लवचीकपणा आणि चिकटपणा इथून येतो.

म्हणून ताईच्या फ्रीजरमध्ये काय झालं ते बघा. उकड थंड होताना काड्या रचल्या गेल्या. फ्रीजच्या खालच्या कप्प्याचं तापमान असतं साधारण ४ अंश, आणि कडक होण्याची ही क्रिया त्याच्याच आसपास सगळ्यात जोरात चालते. गोळा गोठायच्या आधी याच टप्प्यातून गेला. पुढे पारीतल्या पाण्याचा बर्फ झाला, बर्फ फुगतो, तडे गेले.

साखरेचं काम फक्त गोडीचं नाही

इथे एक शंका येईल. चिकट तांदूळ घेतला की झालं का? नाही. जपानमध्ये नुसत्या कुटलेल्या मोचीत साखर नसते, आणि तीही एक-दोन दिवसांत कडक होते. मग ती भाजून किंवा सूपमध्ये घालून खातात. दाइफुकू आणि मोची आइस्क्रीमची पारी बरेचदा 'ग्युही' प्रकारची असते. त्यात चिकट तांदळाचं पीठ, पाणी आणि भरपूर साखर, कधी पिठाइतकी, कधी त्याहून जास्त. साखर पाणी धरून ठेवते, साखळ्यांना रचू देत नाही, आणि पाणी गोठायचं तापमानही खाली आणते. म्हणून ती पारी फ्रीजरमधून काढल्यावर चार-पाच मिनिटांत दाताखाली वाकते.

मोदकाच्या पारीत आपण काय घालतो? पाणी, चिमूटभर मीठ, थोडं तूप किंवा तेल. साखर शून्य, गोडी सगळी सारणात. मोदक वाफेवरून उतरला की त्यावर तूप सोडून लगेच खायचा, यासाठीच तो बनलाय. तो रात्रभर टिकत नाही ही त्याची खोट नाही. शिळा मोदक पुन्हा वाफवला की बराचसा मऊ होतो, कारण उष्णतेने ती घट्ट रचना पुन्हा बऱ्यापैकी सैल होते.

मग मोदकाचा जपानी भाऊ कोण?

जपानमध्ये साध्या तांदळाचंही पीठ असतं, 'जोशिन्को'. त्याची उकड काढून, आत गोड सारण भरून, ओकच्या पानात गुंडाळलेला एक पदार्थ करतात, काशिवा मोची. तो ५ मे रोजी, मुलांच्या सणाला खातात. त्या झाडाचं जुनं पान नवीन पालवी फुटेपर्यंत गळत नाही, म्हणून घराण्याची पिढी पुढे चालू राहावी असा त्यामागचा भाव. पान खायचं नसतं, त्याचा वास लागावा म्हणून असतं.

ओळखीचं वाटतंय ना? नागपंचमीला आपल्याकडे हळदीच्या पानात पातोळ्या वाफवतात. तांदळाचं पीठ, आत ओलं खोबरं आणि गूळ, बाहेर पान. पान सोलून टाकायचं, वास मात्र आत उतरलेला. काशिवा मोची आणि पातोळी समोरासमोर ठेवल्या तर भाषांतराची गरज पडणार नाही. आणि हो, काशिवा मोचीही दुसऱ्या दिवशी कडक होते. कारण तेच, साधा तांदूळ.

आणि ते चिवट, ताणलं जाणारं टेक्स्चर? त्यासाठी जपानीत खास शब्द आहे, 'मोची-मोची', आणि तो कौतुकाचा शब्द आहे. मराठीत आपण 'चिवट' म्हटलं की तक्रार वाटते. पण पेणच्या पोह्याच्या पापडांच्या लाट्या आठवा. कुटून कुटून लवचीक केलेलं पीठ, तेलात बुडवून कच्चंच खायचं. ते चिवट असतं म्हणूनच तर पोरं लाटणाऱ्या बायकांच्या अवतीभवती घुटमळतात.

मेन्यू वाचताना

दुकानात गेलात तर हे लक्षात ठेवा.

आन्को म्हणजे अझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण. अनेक परदेशी लोकांना गोड डाळ ही कल्पनाच विचित्र वाटते. पुरणपोळी खाणाऱ्याला वाटायचं कारण नाही. अझुकी ही मूग आणि उडदाची जवळची नातेवाईक आहे.

किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. वास थेट आपल्या डाळ्याच्या पिठाकडे जातो.

माचा म्हणजे सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांची बारीक पूड. चांगली आणि ताजी माचा झगझगीत हिरवी असते. पिवळट, मातकट दिसली तर ती जुनी किंवा हलक्या प्रतीची असू शकते.

कान्तेन म्हणजे आपला चायना ग्रास, समुद्री शेवाळापासून बनलेला, शाकाहारी. पण मूस किंवा चीजकेकमध्ये जिलेटिन असू शकतं, आणि ते प्राण्यांपासून बनतं. घरचे शाकाहारी असतील तर काउंटरवर स्पष्ट विचारा.

पाकिटावर 'ग्लुटिनस राइस' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ चिकट तांदूळ. त्यात गव्हातलं ग्लुटेन नसतं.

घरी न्यायचं असेल तर आइस्क्रीमवालं नेऊ नका. बोट आणि पुढे मांडवा ते अलिबाग रस्ता, एवढ्यात पारी शाबूत राहील, आतलं आइस्क्रीम नाही. आन्को भरलेलं दाइफुकू घ्या आणि त्याच दिवशी खा.

आणि एक गंभीर गोष्ट. जपानमध्ये दरवर्षी नववर्षाच्या सुमारास मोची घशात अडकून वयस्कर माणसांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागतं, काहींचा जीवही जातो. टोकियोचं अग्निशमन दल दर वर्षी सूचना देतं: छोटे तुकडे करा, आधी घोटभर काहीतरी पातळ प्या, सावकाश चावा. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना अख्खा गोळा हातात देऊ नका. होमस्टेवाल्यांनी तर हे पाहुण्यांना आवर्जून सांगायला हवं.

ताई, आता तू काय करायचं

दोन रस्ते आहेत.

पहिला, खरी मोची करायची. त्यासाठी चिकट तांदळाचं पीठ हवं. ते ऑनलाइन मिळतं. आपल्याच देशात आसामचा बोरा तांदूळ याच जातीचा आहे, पिठ्यासाठी वापरतात. मणिपूरचा काळा चाक-हाओही चिकट तांदूळच. एक वाटी पीठ, निदान अर्धी वाटी साखर, पीठ पातळ होईल एवढं पाणी. फ्रीजरमध्ये मऊ राहायला हवी असेल तर साखर वाढव. मिश्रण मोदकपात्रात पंधरा-वीस मिनिटं वाफव, मध्ये एकदा ढवळ. पांढरेपणा जाऊन ते काचेसारखं झालं की कॉर्नफ्लोअर भुरभुरून लाट. आइस्क्रीमचे गोळे आदल्या दिवशीच दगडासारखे गोठवून ठेव. पारी पूर्ण गार झाल्यावरच भर, आणि हात चटचट चालव. इथे आईची मोदकाची बोटं कामाला येतील. पातळ पारी न फाटता बंद करणं हे कौशल्य विकत मिळत नाही.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. मुंबईहून आलेल्या पोरांना जे वांद्र्यात मिळत नाही ते दे. हळदीच्या पानातून वाफाळत निघालेली पातोळी, ताटलीत तूप, आणि सोबत दोन वाक्यं: ही लगेच खायची असते, कारण यातला तांदूळ इथला आहे आणि तो थांबत नाही. फ्रीजरमध्ये साठवता येत नाही म्हणूनच ती खायला नागावला यावं लागतं. फक्त ऑर्डर सकाळी घेऊन ठेव, म्हणजे जेवण उरकेपर्यंत वाफ तयार असेल.

दोन्ही करायचं असेल तर तेही कर. पण उकडीला मोची म्हणून विकू नकोस. दोन्ही पदार्थांवर अन्याय होईल, आणि पाहुण्याचा दातही दुखेल.

तर मंडळी, तुमच्या घरी तांदळाचा असा कुठला पदार्थ आहे जो गरमच खावा लागतो? व्हॉइस नोट पाठवा, गावाचं नाव सांगायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात!