करवत भंगारात, परवाना भावात

चिपळुणातल्या आमच्या भागातली जुनी सॉ मिल यंदा मोडली. बँडसॉ, मोटर, ट्रॉलीचे रूळ, सगळं किलोवर गेलं. गावकरी म्हणाले, बरं झालं, झाडं वाचली. हे ऐकून मात्र राहवलं नाही.

सुरुवातीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. डिझेल इंजिन गेलं, वीज आली, संपलं. खरी मिल पाहावी ती नव्वदच्या दशकात. दिवाळी सरली की रायवळ आंब्याचे ओंडके येऊन पडत आणि हापूसच्या पेट्यांच्या फळ्या निघू लागत. त्यात जुनी रायवळ झाडं गेली, हे खरंच. मिलवाले काही संत नव्हते. पण तिथला मिस्त्री ओंडक्याभोवती दोन फेऱ्या मारून, गाठ कुठे, चीर कुठे ते बघूनच खडूची रेघ ओढायचा. परसातला फणस पाडला तर त्याच्या चौकटी, फळ्या, पाट, असं सगळं काढून द्यायचा. उरलेला भुसा बायका शेगडीसाठी पोत्यांनी नेत. वाया जायचं ते फक्त आमचं बोलणं. पात्याच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नसे.

आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं १९६४च्या वृक्षतोड कायद्यातली. तोडायला परवानगी, न्यायला पास, ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का. हातोडा घेऊन साहेब कधी उगवणार, हे पंचांगातही सापडत नसे. तोवर ओंडका पावसात आणि मालक चहा पाजण्यात.

पुढे १९९६च्या डिसेंबरात जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, विनापरवाना गिरण्यांवर टाच आली. २००२मध्ये नव्या मिलसाठी केंद्रीय समितीची परवानगी लागू लागली. हेतू चांगलाच होता. पण नवा परवाना दुर्मीळ झाल्यावर यंत्रापेक्षा कागदाला मोल आलं, आणि करवत चालवण्यापेक्षा परवाना जपण्यात शहाणपण ठरलं.

बाकीचं आपण केलं. पेट्या पुठ्ठ्याच्या झाल्या, दारं फ्लशची, कपाटं प्लायवूडची. २००५ आणि २०२१च्या पुरांनी राहिलेली कसर भरून काढली.

आणि वाचलेली झाडं? कुंभार्ली घाटाने वर जाणारे ट्रक बघा. ताडपत्रीखाली फणसाचे पिवळेधमक तुकडे असतात, चौकट होण्याजोगे. ते सरपण म्हणून बॉयलरात जातात. त्याला सॉ मिलचा परवाना लागत नाही.